ओली जाळी

"खायाचे नाही, त पोसता कायले?"

माझा बाप टाकीसमोर उकिडवा बसून विचारत होता. त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. करडीकडच्या आमच्या गावात मासा म्हणजे तलावातला, बाजारातला, नाहीतर पावसात बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, चढलेला. तो धुवायचा, हळद-मीठ लावायचं, रश्श्यात सोडायचा. काचेत ठेवून त्याच्याकडे पाहत बसणं आमच्या घराण्यात कोणी केलं नव्हतं. तसं बी.एस्सी.ही आमच्या घराण्यात कोणी केलं नव्हतं. ते मी केलं. भंडाऱ्यातल्या भाड्याच्या घरात खिळा ठोकायला घरमालकाची परवानगी लागते. ती मी एकदाच मागितली, पदवीचं प्रमाणपत्र टांगायला.

"पोरीसाठी आहेत," मी म्हणालो.

बाप गुडघ्यावर हात टेकून उठला आणि पलंगापाशी गेला. तिथं माझी मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. "माय, तुह्या बापानं तुह्यासाठी पानी भरून ठेवलं व, पाह्य त खरं," म्हणाला. ती हलली नाही.

ती तेव्हा अकरा वर्षांची होती. तिला सिकलसेल आहे. ज्यांच्या घरी हे नाही त्यांच्यासाठी सांगतो. रक्तातल्या गोल पेशी धान कापायच्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि अडकतात तिथं असं दुखणं उठतं की लेकरू स्वतःचाच हात चावतं. थंडी लागली, पाणी कमी प्यायलं, जास्त धावलं, की उठतं. आमच्या जिल्ह्यात हे नवीन नाही. तपासणी केली की कार्ड देतात. रोग असेल त्याला लाल, रक्तात नुसता लपून असेल त्याला पिवळं, काही नसेल त्याला पांढरं. मुलीचं कार्ड लाल आहे. माझं आणि बायकोचं पिवळं.

दोन पिवळ्यांच्या पोटी लाल येऊ शकतं, हे मी दहावीच्या वर्गाला दर वर्षी वाटाण्याच्या फुलांवरून शिकवतो. फळ्यावर चार घरांचा चौकोन काढतो आणि एका घरात रंगीत खडू भरतो. माझं लग्न जुळलं तेव्हाही शिकवत होतो.

सोयरीक कोंढा गावची. बोलणी चालू होती आणि गावात फिरणारी एक आरोग्यसेविका ओसरीवर येऊन म्हणाली, "तारीख काढायच्या पहिले दोघाईचं रक्त तपासून घ्या." माझ्या आज्यानं दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव आणि पंचांग एकाच टोपलीत भरून तलावात सोडले होते. पत्रिका पाहणं आमच्यात कमीपणाचं. आणि मी घराण्यातला पहिला पदवीधर, इस्त्रीचा शर्ट घालून चार माणसांत बसलेला. म्हणालो, "ताई, पत्रिका सोडून आमाले पन्नास वर्षं झाली. आता तुमी रक्ताची पत्रिका आनली का?"

सारी ओसरी हसली. सासऱ्यांनी पाठीवर थाप मारली. बाईनं वहीत काहीतरी लिहिलं आणि चहा न घेता गेली. ते वाक्य मी पुढं दोन-तीन वर्षं मित्रांना ऐकवत होतो. मुलगी जन्मली, दहा महिन्यांची झाली, तिच्या हातापायांची बोटं सुजून आली, तेव्हा ऐकवणं बंद केलं.

त्या वर्षी पोळ्यानंतरच्या ओल्या हवेत तिचं दुखणं उठलं ते बारा दिवस उतरलं नाही. रक्त चढवलं, सलाईन लावलं. घरी आणली तेव्हा ताप नव्हता, सूज नव्हती. पण ती बोलेना, खाईना, शाळेचं नाव काढेना. वॉर्डात तिच्या बाजूच्या खाटेवर एक तिच्याच वयाची मुलगी होती, तीही लाल कार्डाची. एका सकाळी ती खाट रिकामी होती. तेव्हापासून ही भिंतीकडे तोंड करून होती. डॉक्टर म्हणाले, "सर, औषध माझ्याकडं आहे. उठवायचं तुम्हाला आहे." तिनं उठून बसावं, यापलीकडे आम्हा दोघांना त्या दिवसांत काही नको होतं.

घरी आल्यावर ती एकच वाक्य बोलली होती. आबाजीच्या, म्हणजे माझ्या बापाच्या, गावच्या तलावावर जायचं आहे म्हणाली. थंड पाण्याजवळ तिला नेता येत नाही. म्हणून मी नागपूरला जाऊन दोन फुटांची काचेची टाकी आणली.

दुकानदार म्हणाला, "सर, गप्पी घेऊन जा. मरत नाही, पोरं बी भरपूर देते." मला गप्पी नको होते. गप्पी पिल्लं टाकतो आणि समोर आली तर गिळतो. मी वाचलं होतं, सिक्लिड जातीत अ‍ॅपिस्टो नावाचे काही बुटके मासे असतात, बोटाच्या दोन पेरांएवढे. ते लहान टाकीत अंडी घालतात आणि आई पिल्लांना घेऊन फिरते, कोंबडी फिरते तशी. माझ्या मुलीनं ते पाहावं असं मला वाटलं. दुकानदारानं मान हलवली. "हे अ‍ॅपिस्टो लय नखरेवाले हायेत सर. पानी नरम लागते, गरम लागते. लोकं परत घेऊन येते."

"मी झूलॉजीचा माणूस आहे," मी म्हणालो.

"मंग द्या बापा, प्रोफेसर साहेबाले जोडी द्या," त्यानं आत हाक मारली. मी प्रोफेसर नाही, शाळामास्तर आहे. पण दुरुस्त केलं नाही.

पाण्याचं मी नीट जमवलं, ते सांगायला मला संकोच नाही. आमचं बोअरचं पाणी जड, केस धुतले की चिकटतात. ते टाळून छपराचं पावसाचं पाणी ड्रममध्ये धरलं. शाळेच्या आवारातल्या देशी बदामाची वाळलेली पानं टाकीत टाकली. चार दिवसांत पाणी कोऱ्या चहासारखं झालं. नारळाची अर्धी करवंटी तोंडापाशी फोडून पालथी घातली, की झाली गुहा. पाणी ऊबदार ठेवायला हीटर लावला. टाकी आतल्या खोलीत ठेवली, मुलीच्या पाठीमागं. तिनं कूस बदलली तर समोर दिसेल अशी.

तिनं सहाव्या दिवशी कूस बदलली. मी वह्या तपासत होतो. मागून आवाज आला, "बाबा, हिले कावीळ झाली का?"

मादी पिवळीजर्द झाली होती. डोळ्यातून एक काळी रेघ, बाकी सारी हळदीत बुडवल्यासारखी. दुखणं उठलं की माझ्या मुलीच्या डोळ्यांत पिवळेपणा येतो आणि वर्गातली पोरं तिला त्यावरून चिडवतात. ती विनोद करत होती. महिन्याभरानंतर पहिला.

"कावीळ नोहे, तिनं अंडे देल्ले," मी म्हणालो, आणि ऐट दाखवायच्या नादात बाही वर करून करवंटी उचलली. आत छपराला लालसर अंडी चिकटलेली होती, राजगिऱ्याच्या दाण्यांएवढी. मुलगी पलंगावरून उतरून जवळ आली. बायको हातातलं कणकीचं भांडं घेऊन दारात येऊन उभी राहिली, अंड्यांकडं नाही, पोरीच्या पायांकडं पाहत.

दुसऱ्या दिवशी करवंटीत एकही अंडं नव्हतं. आईनंच खाल्ली. धोका वाटला की खातात.

"तुमी उचललं म्हनून," मुलगी म्हणाली.

"हो."

"पुढच्या वेळी हात लावू नोका."

पुढच्या वेळी म्हणाली, याचाच मला एवढा आनंद झाला की बोलणी खाल्ल्याचं काही वाटलं नाही.

तीन आठवड्यांनी मादी पुन्हा पिवळी झाली. आता टाकीची मालकीण मुलगी होती. नर फार जवळ गेला की मादी त्याचे पंख फाडायची. मुलीनं फर्मान काढलं आणि नराला वेगळ्या बरणीत जावं लागलं. "तुमी बी बाहेर बसा," ती मला म्हणाली, "बाप लोकाईचं काम नाही अंदर." बायको स्वयंपाकघरात हसली. तिचं हसणं मी फार दिवसांनी ऐकलं.

अंडी फुटली की पिल्लं पाच-सहा दिवस करवंटीतच वळवळतात, मग आई त्यांना बाहेर काढते. पापणीच्या केसाचा तुकडा तोडून पाण्यात टाकावा एवढं ते पिल्लू. त्याच्या तोंडात मावेल असं अन्न दुकानात मिळत नाही. त्यासाठी तणस, म्हणजे धानाची वाळलेली काडी, पाण्यात भिजत घालायची. चार-पाच दिवसांत त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव होतात, ते पिल्लं खातात. मी बापाला फोन केला. दुसऱ्या दिवशी तो एसटीनं तणसाची पिशवी काखेत धरून आला.

"हे घरामागच्या बांधीचं हाय," तो म्हणाला. "ह्या बांधीत औंदा फवारा नाही मारला. बाकीच्यात तुडतुड्यासाठी औषध मारलं होतं, ते नोको देऊ."

मी औषधाचं विचारलंच नव्हतं. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चौथी शिकलेला माणूस तणस निवडून घेऊन आला.

पिल्लांना भरवायचं काम मुलीनं घेतलं. बिनसुईची सिरिंज हातात धरायला तिला शिकवावं लागलं नाही. पिल्लांच्या टाकीत पाणी बदलायचं तर थेंब थेंब सोडावं लागतं. त्यासाठी मी औषधाच्या दुकानातून सलाईनची नवी नळी आणली. तिचं ते छोटं चाक किती फिरवलं की मिनिटाला किती थेंब पडतात, हे तिला पाठ होतं. दोन वर्षांची असल्यापासून ती ते चाक पाहत आली होती. टाकीच्या उशाशी उभं राहून मादीला नर्सबाईसारखी म्हणायची, "हात हालवू नोको, बाई." पिवळी आई काचेजवळ येऊन तिच्याकडं पाहायची.

पुढच्या आठवड्यात मिठाच्या पाण्यात आर्टेमियाची अंडी उबवली. ते झिंग्यांचे भाऊबंद, नारंगी ठिपक्यांएवढे. ते खाल्ले की पिल्लाचं पारदर्शक पोट नारंगी दिसतं. मुलगी भिंग घेऊन एकेकाचं पोट तपासायची. "जेवला. जेवला. हा नाही जेवला." तिची एक वही होती. तीनदा मोजून तिनं तीत आकडा लिहिला, सदतीस. कोणी मेलं तर ते सिरिंजनं उचलून कागदावर ठेवायची, आकडा कमी करायची, आणि कागद घडी करून बाहेर जास्वंदीच्या बुडाशी पुरायची. टाकीसमोर स्टूल घेऊन ती जेवू लागली. मग एका सोमवारी स्वतःहून दप्तर भरलं.

ती शाळेत गेली त्या दिवशी बायकोनं माझ्या डब्यात सुजीचा शिरा दिला होता.

आता जे मी केलं ते.

पिल्लं दोन आठवड्यांची झाली तेव्हा सहा पिल्लं वर उठत नव्हती. बाकीची आईच्या मागं पाण्यात तरंगायची. ही सहा तळाशी पोट घासत, एक उडी मारून पुन्हा पडत होती. एकाचा कणा वाकडा होता. मी दुकानदाराला फोन केला.

"निकाल दो सर," तो म्हणाला. "त्याईचं काई होत नाही. जोडी एकाच घरची असते, म्हनून असे निंगते. खाते बी, पानी बी खराब करते. त्याच्यापायी चांगले मरते. जो ब्रीडर हाय तो पयले हेच काम करते."

शास्त्र म्हणून त्यात चूक नव्हती. टाकी लहान, पाणी थोडं. तीस वाचवायची तर सहा जायला हवीत. आणि माझ्या डोक्यात दुसरंही गणित होतं. ही सारीच मेली तर पोरगी पुन्हा भिंतीकडं वळेल. मला तीस जिवंत हवी होती.

ती शाळेत असताना मी छोटी जाळी घेतली. सहा पिल्लं काढायला वेळ लागला नाही. जी उठू शकत नाहीत ती पळूही शकत नाहीत. आई जाळीवर धावून आली, दोनदा माझ्या बोटाला तोंड मारलं. पिल्लं मी मोरीत टाकली आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं.

बायको मोरीच्या दाराशी भांडी घेऊन उभी होती.

"पोरीले काय सांगान?"

"मेले म्हनून सांगू."

तिनं भांडी खाली ठेवली आणि आत गेली.

मुलगी साडेपाचला आली. दप्तर काढायच्या आधी टाकीसमोर बसली. "सहा कमी हायेत."

"मेले, बेटा. ते कमजोर होते."

"कुठी हायेत?"

"फेकून देल्ले."

"कागदावर काहून नाही ठेवले?"

"विसरलो."

टाकीच्या बाजूला घरमालकाच्या जुन्या खिळ्यावर जाळी टांगलेली होती. तिनं ती बोटानं दाबून पाहिली. बोट पुसलं आणि कपडे बदलायला गेली.

मी शाळेत मुलांना सांगत आलो आहे की मी खोटं बोलत नाही. गावात, सोयऱ्यांत, शाळेच्या सभेत तोंडावर खरं बोलणारा म्हणून माझं नाव आहे. आपल्या पोरीला मी तीन उत्तरं दिली आणि तिन्ही खोट्यावर उभी होती.

आमच्या घरात स्वयंपाकघर आणि आतली खोली यांच्यामधली भिंत छपरापर्यंत जात नाही. वर हातभर फट आहे. मुलगी टीव्ही पाहते आहे असं समजून बायको भात उकरता उकरता हळू आवाजात म्हणाली, "कशे काढता जी तुमी एवढ्या सहज? एकदा केलं तेवढं पुरं नाही झालं का तुमाले?"

टीव्ही बंद होता.

एकदा केलं ते असं. मुलगी पाच वर्षांची असताना बायकोला पुन्हा दिवस गेले. या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. नागपूरला जाऊन पोटातल्या बाळाची तपासणी केली. रिपोर्ट लाल आला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, निर्णय आमच्यावर सोडला. कागदावर माझी सही आधी, तिची नंतर. मुलीला सांगितलं, आईच्या पोटात दुखत होतं. ते चुकलं असं मी आजही म्हणत नाही. ज्यानं आपल्या लेकराला स्वतःचा हात चावताना धरलं नाही त्यानं मला यात शिकवू नये. पण ते सोपंही नव्हतं, आणि बायकोला माझं ते सोपं वाटलं होतं हे मला सहा वर्षांनी, भाताच्या भांड्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत गेली नाही. दुखते का विचारलं तर नाही म्हणाली. ताप पाहिला, नव्हता. ती भिंतीकडं तोंड करून होती.

टाकी माझ्यावर आली. शाळेत चाचणी परीक्षा चालू होत्या. सकाळी घाईत आर्टेमिया गाळून द्यायचो, दुपारचं हुकायचं. भरवायला तिच्यासारखा हात माझा नाही. मी एकदम सोडतो, अर्धं तळाशी जाऊन सडतं. जी पिल्लं वाचवायला मी सहा काढली होती ती रोज एक-दोन मरू लागली. चांगली, सरळ कण्याची, वर उठणारी. मी प्रत्येकाला सिरिंजनं उचलून कागदावर ठेवत होतो आणि कागद तिच्या उशाशी स्टुलावर ठेवत होतो. कागदाला हातही न लावता ती पडून राहायची. एका कोपऱ्यात मी आकडे लिहायचो. एकोणतीस. सव्वीस. तेवीस.

बाप येऊन गेला. नातीजवळ बसला, तिच्या पायाचे तळवे चोळले. निघताना दारात मला म्हणाला, "मास्तर, पोरीचं काय दुखते?" मी म्हणालो, "काही नाही दुखत." तो म्हणाला, "हेच त विचारून राहिलो."

आठव्या दिवशी मी शाळेतून आलो तेव्हा ती पलंगावर बसली होती. मांडीवर माझं दहावीचं पुस्तक, त्यावर तिची माशांची वही. वहीत तिनं चार घरांचा चौकोन काढला होता. दोन घरं पिवळी, एक कोरं, एक लाल. पेन्सिलीच्या डब्याजवळ आमची तिन्ही कार्डं ओळीनं मांडली होती. कपाटातून तिनं ती स्वतः काढली होती.

"चारातला एक लाल," ती म्हणाली. "तो मी. बाकीचे तीन कुठी हायेत?"

वर्गात दर वर्षी एकतरी मूल हीच चूक करतं. मी खुर्ची ओढून बसलो. वर्गात सांगतो तसंच सांगितलं. "तसं नसते. डब्यात चार चिठ्ठ्या हायेत समज. एक काढली, पाह्यली, का पुन्हा डब्यात टाकायची. दरवेळी चारही चिठ्ठ्या असते."

"मंग दुसऱ्या वेळी कोनती निंगाली?"

बायको दारात होती. मी तिच्याकडं पाहिलं. तिनं नजर वळवली नाही आणि मला अडवलंही नाही.

"लाल," मी म्हणालो.

"म्हनून काढलं?"

"हो."

"अन् ते सहा मेले नव्हते."

"नाही. मीच काढले. जाळीनं."

तिनं वहीतलं लाल घर पेन्सिलीनं अजून गडद केलं. मग मान वर न करता विचारलं, "माह्या वेळी काहून नाही काढलं?"

मला काही सुंदर सांगता आलं असतं. तू आमची लाडकी, तुझ्यासाठी आम्ही, असं काहीतरी. बाप लोक सांगतात. मी म्हणालो, "तुह्या वेळी आमाले माहीत नव्हतं. एक बाई सांगाले आली होती. मी तिची मजाक उडवली."

"माहीत असतं त?"

ओसरीभर माणसांना हसवणारं वाक्य ज्याला सुचलं होतं, त्या माणसाला त्या संध्याकाळी काही सुचलं नाही. मी पिवळ्या कार्डाकडं पाहत बसलो. बायको येऊन मुलीच्या बाजूला बसली आणि तिचे पाय आपल्या मांडीवर घेतले.

शेवटी मुलगीच म्हणाली, "आज त्याईले देल्लं का?"

"सकाळी देल्लं."

"किती?"

"एक सिरिंज."

"एकदम सोडली असान." ती उठली. पलंगाचा कठडा धरून दोन पावलं टाकली, टाकीसमोरच्या स्टुलापाशी आली. स्टुलावरचे मेलेल्या पिल्लांचे कागद तिनं आधी एकेक उचलून बाजूला ठेवले. मग स्टुलावर बसून म्हणाली, "बाजूले व्हा. उजेड अडवून राहिले तुमी."

एकोणीस पिल्लं उरली होती. त्यातली चौदा तिनं वाढवली. आता ती बोटाच्या पेराएवढी आहेत, नर कोणते मादी कोणती ते ओळखू येतं. त्यातलं एक थोडं वाकडं आहे. ते माझ्या नजरेतून त्या दिवशी सुटलं होतं की नंतर वाकलं, मला माहीत नाही.

ती शाळेत जाते. गेल्या हिवाळ्यात दोनदा भरती करावं लागलं. रक्त चढवताना ती नर्सबाईंना सांगते, चाक हळू फिरवा. तिच्याशी आता मी खोटं बोलत नाही. ती मला फार विचारतही नाही. आमच्यात बोलणं आहे, हसणं आहे, ती अजूनही मला प्रोफेसर म्हणून चिडवते. दुकानदाराची गोष्ट मीच तिला सांगितली होती.

पण रोज साडेपाचला ती घरी येते तेव्हा चप्पल काढते, दप्तर पाठीवर तसंच ठेवून टाकीपाशी जाते आणि मासे मोजायच्या आधी खिळ्यावरची जाळी बोटानं दाबून पाहते. कोरडी आहे ना ते पाहते. मग मोजते.

जाळीला मी त्या दिवसापासून हात लावलेला नाही. तरी ती पाहते.